लॉख़ तू: प्रकल्प नोंदी, लुईस बेट, उन्हाळा २०२४

७ मे

सकाळी स्टॉर्नोवेहून बसने गावात आले. गावाचं नाव इथे लिहिणार नाही, माणसांचीही नाही. संमतीपत्रात तसं कबूल केलंय. स्कॉटलंडच्या लुईस बेटाचा पश्चिम किनारा, एका अंगाला अटलांटिक आणि दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथवर पीटचा, म्हणजे जळणासाठी कापतात त्या दलदलीच्या काळ्या मातीचा माळ, एवढं पुरे.

इथे गावोगावी 'खोमन एख़त्री' असतात, म्हणजे इतिहास मंडळं. पहिलं १९७७ साली बेटाच्या उत्तर टोकाला, नीश भागात निघालं. आमच्या मंडळाला हद्दीतली गेलिक भाषेतली सगळी नावं गोळा करायची आहेत: टेकड्या, ओढे, खडक, कुरणं, पाय रुततात त्या जागा. ग्लासगोत मी दिवसभर नकाशेच हाताळते (जमिनीखालच्या जलवाहिन्यांचे, फार रंगतदार नाहीत), म्हणून नकाशाची बाजू माझ्या गळ्यात पडली. गेलिक म्हणाल तर संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं.

पद्धत ठरली ती अशी. जुन्या सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशाची मोठी प्रत घ्यायची आणि त्यावरची सगळी नावं पुसून टाकायची. छापील नाव समोर दिसलं की माणूस तेच वाचून दाखवतो आणि आपल्याला वाटतं त्याला ठाऊक होतं. कोरा नकाशा, एक पेन्सिल, मध्ये रेकॉर्डर. रकाने: नाव, उच्चार, कोणी सांगितलं, ठिकाण, अर्थ, गोष्ट.

९ मे

पहिली बैठक. ऐंशी ओलांडलेले आजोबा, स्वयंपाकघरातलं टेबल, चहा, ओटची बिस्किटं. नकाशाच्या एका चौरस किलोमीटरात छापील नावं चार होती. दीड तासात सत्तावीस निघाली. आजोबा पेन्सिल वापरतच नव्हते, बोटाने चालत होते: घरामागून निघाले, ओढा ओलांडला, डावीकडे वळले. मध्येच मी "आणि इथे काय?" म्हणून दुसरीकडे बोट ठेवलं की त्यांना काही आठवेना. परत दारापाशी येऊन चालायला लागले की नावं सुरू. पुढच्या वेळी मध्ये बोलायचं नाही.

गेलिकमध्ये वडीलधाऱ्यांना 'तू' म्हणत नाहीत, आदरार्थी सर्वनाम आहे आणि त्याचा उच्चार चक्क 'शिव'. मी शिव म्हटलं, ते मला एकेरीत बोलले. घरच्यासारखं वाटलं.

उच्चाराच्या रकान्याचं कोडं मात्र आज अचानक सुटलं. मंडळाकडे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायची रीत आहे आणि ती कोणालाच पटत नाही. मी घाईत आपली देवनागरीत टिपत गेले. घरी येऊन पाहिलं तर जिथे गेलिक लिहिताना 'बी' असतो तिथे मी सगळीकडे 'प' लिहिलाय, 'डी'च्या जागी 'त', 'जी'च्या जागी 'क'. आणि जिथे 'टी' तिथे 'थ', जिथे 'सी' तिथे 'ख'. कान चुकले म्हणून ध्वनिमुद्रण तीनदा ऐकलं. कान बरोबर होते. गेलिकमध्ये फरक घोष-अघोषाचा नाहीच, अल्पप्राण-महाप्राणाचा आहे. शिवाय त दाताला जीभ लावून म्हणायचा, इंग्रजी ट नव्हे. किल्ला म्हणजे 'तून', विहीर-झरा म्हणजे 'थोपर', दगडांची रास म्हणजे 'खार्न', टेकाड म्हणजे 'ख्रॉह्क'. इंग्रजीला हे लिहिताना घाम फुटतो, आपल्या बाराखडीत ते जागच्या जागी बसलेलं आहे. घशातल्या घर्षणासाठी तेवढा नुक्ता द्यावा लागतो: लॉख़. 'ळ' वापरायचा मोह दोनदा झाला, खोडला. त्यांचा जाड ल दातांशी होतो, आपला ळ टाळूशी.

'मोर' म्हणजे मोठा. 'पेक' म्हणजे लहान. 'तू' म्हणजे काळा. त्यामुळे गावामागचं काळं तळं माझ्या वहीत 'लॉख़ तू' असं उतरलंय, आणि दर वेळी वाचताना कोणीतरी तळ्याला हाक मारतंय असं वाटतं.

१२ मे

रविवार. इथे रविवारी कोणी कपडेसुद्धा वाळत घालत नाही, तेव्हा रेकॉर्डर घेऊन कुणाच्या दारात जायचा प्रश्नच नाही. घरात बसून व्याकरण.

डोंगर म्हणजे 'पेइञ', स्त्रीलिंगी. मोठा डोंगर 'पेइञ मोर' व्हायला हवा, होतो 'पेइञ वोर'. विशेषणाचं तोंड बदलतं. आपण 'घर'चं 'घराला' करताना शेपटी बदलतो, हे लोक डोकं बदलतात. कोशात शब्द शोधताना त्यामुळे माझी त्रेधा उडते: नकाशावर 'व'ने सुरू होणारा शब्द कोशात 'म'खाली असतो, नाहीतर 'ब'खाली.

दुसरी गंमत. निळ्याला लिहितात 'गॉर्म' पण म्हणतात 'कॉरॉम'. र आणि म यांच्यामध्ये एक न लिहिलेला स्वर शिरतो. स्कॉटलंडच्या गेलिक नावातही, 'आल्बा' लिहून 'आलापा' म्हणतात. या प्रकाराला इथले भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतात? स्वरभक्ती. आपलाच शब्द, संस्कृत व्याकरणातून उचललेला. कर्माचं करम होतं तेच हे. वर्गात शिक्षिकेने हा शब्द फळ्यावर लिहिला होता तेव्हा मी एकटीच हसले होते.

हा निळा तसा फसवाच. हिरव्या गवतालाही कॉरॉमच म्हणतात. मुख्य भूमीवरच्या केर्नगॉर्म डोंगररांगेचं इंग्रजी नाव एका निळ्या शिखरावरून पडलं. त्या सबंध रांगेला गेलिक माणूस 'अम मॉनघ रुअघ', तांबूस डोंगर म्हणतो. तांबूस म्हणजे रुअघ, गुराच्या किंवा केसांच्या रंगाचा. लालभडक असेल तर च्येरेक. ढवळा-पवळा, तांबडा-कपिला म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

१४ मे

पीट काढायचा हंगाम. आजोबांचा पुतण्या 'थारश्केर' घेऊन उभा, म्हणजे लांब दांड्याचं, बाजूला पातं असलेलं पीट कापायचं फावडं. तो कापतो, खाली उभी बाई ओली वीट झेलून काठावर अंथरते. काळ्या साबणासारखी वडी, हातात थंडगार, आत कधीकाळच्या झुडपाच्या मुळ्या अजून तशाच. मीही झेलल्या, पाच-सहा मोडल्या.

इथे नावं म्हणजे वाटाड्या. "सरळ जा, वाट दिसेल" असं म्हणायला माळावर वाटच नसते. दगडापासून झऱ्याकडे, झऱ्यापासून टेकाडाकडे, अशी नावांवरून पावलं टाकायची. एका जागेचं नाव 'लाल चिखल'. मी म्हटलं, लाल कुठाय? पुतण्या म्हणाला, "रंगाशी काय करायचंय, तिथे गाय जाते." म्हणजे रुतून मरते. 'गोष्ट' रकान्यात तेच लिहिलं.

या माळावर १८१ पवनचक्क्या उभारायचा प्रस्ताव होता, २००८ मध्ये सरकारने तो नाकारला. माळ रिकामाच तर आहे, हे तेव्हाचं एक पालुपद. त्या वर्षांत इथल्या काही जाणत्यांनी माळावरच्या शब्दांचा संग्रह केला. त्यात 'खूख़न' आहे, गवताखाली झाकून गेलेला बारीक ओहोळ. आणि 'रुन्नख़ मूम': उन्हाच्या, वाऱ्याच्या दिवशी माळावरून पळणाऱ्या ढगांच्या सावल्या. रुन्नख़ म्हणजे बांगडा. बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे कुडाळच्या बाजारात ज्याने पाहिलेत त्याला चित्र काढून दाखवायला नको. आज दुपारी अर्धा तास दिसत होत्या.

ध्वनिमुद्रण वाया गेलं. रेकॉर्डरची केसाळ टोपी घरी राहिली होती, वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

२० मे

माझी चूक, लिहून ठेवते. सगळी यादी स्प्रेडशीटमधून सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराची फाइल म्हणून साठवली आणि युटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या टिकवणारी पद्धत, निवडायला विसरले. गेलिक स्वरांवरच्या मात्रा (दीर्घ स्वर दाखवणाऱ्या तिरप्या रेघा) उडाल्या, देवनागरी रकान्यात प्रश्नचिन्हांची रांग. आधीची प्रत होती म्हणून वाचले, तरी चार दिवसांचं काम पुन्हा.

मात्रा उडणं म्हणजे शुद्धलेखनाची किरकोळ चूक नव्हे, ऱ्हस्व-दीर्घ गेलं की शब्दच बदलतो. भरीत भर म्हणजे जुन्या नकाशांवर दोन दिशांना झुकणाऱ्या दोन मात्रा दिसतात, आजच्या नियमात एकच उरली आहे. नवीन रकाना टाकला: 'नकाशावर छापलेलं रूप, जसंच्या तसं'. दुरुस्ती करायची ती शेजारी, वर नाही.

२३ मे

पाऊस. दिवसभर नेम बुक्सची, म्हणजे जुन्या मोजणीतल्या नावांच्या वह्यांची स्कॅन पाने.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा खात्याच्या सैनिकांनी हे बेट १८४८ ते १८५२ या काळात मोजलं. प्रत्येक नावाची वहीत नोंद: पहिल्या रकान्यात नकाशावर जाणारं रूप, मग सापडलेली वेगवेगळी रूपं, मग ती रूपं कोणाच्या शब्दावर घेतली ते नाव, मग ठिकाण, शेवटी वर्णन. तिसरा रकाना मी जास्त वाचते. शब्द ज्याचा ग्राह्य धरायचा तो बहुधा पाद्री, शाळामास्तर किंवा जमीनदाराचा कारभारी. गुरं वळणारी बाई त्या रकान्यात मला अजून भेटली नाही, आणि माळावरची निम्मी नावं तिच्या तोंडची.

जमीनदार म्हणजे जेम्स मॅथेसन. १८४४ साली त्यांनी अख्खं लुईस विकत घेतलं, चीनच्या अफूच्या व्यापारातल्या पैशावर. माळव्याची अफू तेव्हा मुंबई बंदरातूनच चीनला जायची. हे वाचल्यावर जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. दुसरा धागा त्याहून जुना: १७५४ साली स्टॉर्नोवेत जन्मलेला कॉलिन मॅकेन्झी १८१५ मध्ये भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. दख्खनभर हिंडून त्याने जमवलेल्या हस्तलिखितांत मराठी कागदही आहेत. गेलिक बेटावरचा माणूस आमची नावं लिहायला आला होता, आता मी त्याच्या बेटावर वही घेऊन बसले आहे. फिटंफाट म्हणणार नाही, त्याच्याकडे पगार आणि फौज होती.

रात्री बाबांना फोन. त्यांना विचारलं, आपल्या सातबारावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो, त्यात काय आहे? शोधून म्हणाले, "कोरो." मग न विचारता त्यांनी अकरा कुणग्यांची नावं घडाघडा म्हटली. तीन मला नवीन होती.

१ जून

आज खालचा थर. या बेटावर गेलिकच्या आधी नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची भाषा बोलत. मॅग्ने ऑफ्टेडल या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९५४ मध्ये लुईसच्या १२६ गावांची नावं तपासली, त्यातली ९९ निव्वळ नॉर्स निघाली. गावाचं नाव 'बॉस्ट'ने संपलं की मूळ शब्द शेतवाडीचा, टेकडीचं 'वाल'ने संपलं की डोंगराचा. पुढे गेलिक बोलणाऱ्यांनी नॉर्स नावाला आपला शब्द जोडला: बेटावरचं सर्वांत मोठं गोडं तळं 'लॉख़ लांगवात'. लांगवात म्हणजेच नॉर्समध्ये लांब तळं. तर हे झालं तळं लांबतळं.

हे घरच्या ग्रुपवर टाकण्याचा गाढवपणा केला. काकांचं उत्तर तीन मिनिटांत: लांग म्हणजे लांब, तून म्हणजे देहरादूनचं दून, सगळं संस्कृतच. काका, दून आलं द्रोणीवरून, गेलिक तूनचा भाऊ आहे इंग्रजी 'टाउन'. नातं आहेच, पण ते कानाला लागतं तिथे बहुधा नसतं. घोडा म्हणजे गेलिकमध्ये 'एख़', गाय म्हणजे 'पो'. ऐकून काही आठवतं का? एख़ हा अश्वाचा आणि पो हा गोचा सख्खा चुलत. काकांनी अंगठा पाठवला.

८ जून

गावातल्या एका आजींबरोबर आरीवर. 'आरी' म्हणजे उन्हाळी गुरांचा गोठणा आणि शेजारची दगड-मातीची खोपटी. मे-जूनमध्ये बायका नि पोरं गुरं घेऊन माळावर यायची, तिथेच दूध, लोणी, चीज व्हायचं. गावाजवळचं गवत तेवढं वाचायचं. आजी लहानपणी शेवटच्या उन्हाळ्यांपैकी दोन राहिल्या होत्या. आज वाहनाने जमेल तितकं गेलो, पुढे काठी टेकत चाळीस मिनिटं.

तपकिरी माळावर एकदम हिरवा तुकडा दिसतो, तीच आरी. कितीतरी पिढ्यांचं शेण तिथे जिरलंय, गवत अजून विसरलेलं नाही. कमरेएवढ्या भिंती, आतल्या बाजूला भिंतीत एक चौकोनी कोनाडा. आजींनी आत हात घातला आणि तिथेच ठेवून दिला. "दुधाची भांडी इथे. आत गार असतं." मी पण हात घातला. खरंच गार होतं.

येताना त्यांनी लांबून एक उंचवटा दाखवला: 'आरी न हून ओइख़्य', एका रात्रीची आरी. खोपटी बांधली, पहिल्याच रात्री काहीतरी आलं, पुन्हा तिथे कोणी निजलं नाही. या नावाच्या जागा आणि ही गोष्ट हेब्रिडीजमध्ये, म्हणजे लुईस ज्यात येतं त्या बेटांच्या समूहात, इतरत्रही आहेत. काय आलं ते आजींनी सांगितलं नाही, "पाऊस येईल" म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

संध्याकाळी आजोबांना तीच जागा विचारली. त्यांनी बोट ठेवलं ते चारशे मीटर पलीकडे, तळ्याच्या दुसऱ्या काठावर. आजी चुकतात, म्हणाले. आजींना फोन लावला, आजोबा चुकतात, म्हणाल्या. त्यांच्या आईकडची माणसं त्या बाजूला गुरं नेतच नव्हती. दोन पिना, दोन नोंदी, दोन्हींवर सांगणाऱ्याचा क्रमांक. मंडळाच्या चिटणीसांना एकच हवी आहे. मी नाही म्हटलं.

१५ जून

"मशीन बंद कर."

बंद केलं. मग आजींनी समुद्राकाठच्या एका उभ्या खडकाचं नाव सांगितलं आणि दोघी पोट धरून हसलो. पुरुषाच्या अवयवाचं नाव, पुढे गावातल्या एका जुन्या घराण्याचं. त्या घराण्यातली माणसं अजून नांदतात. नोंद केली, पण 'प्रसिद्ध करू नये' अशी खूण टाकून.

असल्या नावांचं पुढे काय होतं ते केर्नगॉर्ममध्ये पाहता येतं. तिथल्या एका शिखराचं गेलिक नाव 'पॉत अन ज्येविन', सैतानाचं लिंग. इंग्रजीत ते 'डेव्हिल्स पॉइंट' झालं. राणी व्हिक्टोरियाने अर्थ विचारला तेव्हा तिच्या सेवकाने वेळ मारून नेली, अशी आख्यायिका सांगतात.

१३ जुलै

वारा पडला. मिज म्हणजे इथल्या बारीक चिलटांनी कान-डोळे भरले, वीस मिनिटांत परत. नोंदी शून्य.

३ ऑगस्ट

अर्थाच्या रकान्याने छळलंय. मंडळातल्या तरुणांना तो भरलेला हवा, कारण पुढे पाट्या करायच्या आहेत आणि पाटीवर अर्थ छान दिसतो. आज आजोबांना एका टेकाडाच्या नावाचा अर्थ विचारला. "ते त्याचं नाव आहे." पण शब्दाचा अर्थ? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना त्यांच्या भावाच्या नावाचा अर्थ विचारलाय. मग समजूत काढल्यासारखं म्हणाले, "त्याच्या मागे वाऱ्याचं बसता येतं."

नाव बहुधा नॉर्स असावं, पण खात्री नाही. कोशातला जवळचा शब्द उचलून ठोकून देणं सोपं आहे, आणि एकदा छापलं की पुढचे शंभर जण तेच सांगणार. म्हणून रकाना फोडला: 'सांगणाऱ्याने दिलेला अर्थ', 'अभ्यासकांचा अर्थ', 'जागेचा उपयोग'. पहिले दोन कोरे राहिले तरी चालतील. या टेकाडासमोर तिसऱ्यात लिहिलं: नैर्ऋत्य वाऱ्याला आडोसा.

पाट्यांच्या वर्तनीसाठी आम्ही स्काय बेटावरच्या सावल मोर ऑस्टेग या गेलिक कॉलेजातल्या 'आइनमन-आच न हालापा' या संस्थेचा आधार घेणार आहोत. गेलिक स्थळनावांची अधिकृत रूपं तीच सुचवते. पण ती रूपं गावांची, मोठ्या डोंगरांची. गाय रुतते त्या चिखलाची वर्तनी आम्हालाच ठरवावी लागेल.

२४ ऑगस्ट

आजोबांची अकरा वर्षांची पणती सुट्टीला आली आहे. गेलिक माध्यमाच्या शाळेत जाते. सगळ्या स्कॉटलंडात गेलिक बोलणारे २०११ मध्ये ५७,६०२ होते, २०२२ मध्ये ६९,७०१ झाले. त्याच काळात या पश्चिम बेटांवर मात्र त्यांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ वर आलं. पोरीचं गेलिक स्वच्छ, शाळेतलं. पणजोबा तिला मध्येच थांबवतात, ती त्यांना थांबवते.

तिला कोरा नकाशा दिला. तिने सात नावं सांगितली, त्यातली दोन आमच्या यादीत नाहीत. एक, शाळेची बस वळते तिथलं डबकं; गेल्या वर्षी तिच्या मैत्रिणीचा बूट त्यात गेला म्हणून 'बुटाचं तळं'. चिटणीस म्हणाले, हे काही स्थळनाव नव्हे. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या 'टोपीच्या दगडा'ची गोष्ट तरी दुसरी काय आहे. घेतलं.

७ सप्टेंबर

हस्तांतर. एकूण ३१२ नोंदी, त्यात ध्वनिमुद्रण असलेल्या २४०. देवनागरी रकाना मंडळ ठेवणार आहे. कोणाला वाचता येत नाही, पण चिटणीसांनी सगळ्यांसमोर मला वीस नावं वाचायला लावली आणि आजींनी एकोणीस ओळखली.

उरलेली कामं: एका रात्रीच्या आरीजवळ दोन्ही पिनांचे फोटो, १४ मेच्या वाया गेलेल्या मुद्रणातली नऊ नावं पुतण्याकडून पुन्हा, आणि लॉख़ तू. हद्दीत तीन निघाली आहेत, तिन्ही काळी, तिन्ही तेच नाव. कोणतं म्हणायचं ते लोकांना कसं कळतं, हे आजोबांना विचारलं. म्हणाले, बोलणारा कुठल्या घरचा आहे त्यावरून. रकाना वाढवायला हवा.